रोज पाणी घालूनही बाल्कनीतली झाडं का सुकतात? उन्हाळ्यात बाग जगवण्याचं घरगुती गणित

मार्च संपत आला की शहरातल्या घरांमध्ये काही गोष्टी ठरल्यासारख्या होतात. माळ्यावरचा माठ खाली येतो. गच्चीवर कुरडया-पापड वाळत पडतात. मुलांच्या परीक्षा संपल्या की गावाला जायची तिकिटं बघितली जातात. आणि याच दिवसांत बाल्कनीतली तुळस माना टाकायला लागते.

मग घरात वाद सुरू होतो. आई म्हणते, पाणी कमी पडतंय. आजी म्हणते, भर दुपारी पाणी घातलंत म्हणून झाड भाजलं. कोणीतरी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तांबे ओतायला लागतं. आठ दिवसांत झाड जातं, आणि 'आमच्या हाताला झाडं लागतच नाहीत' असं म्हणून विषय संपतो.

त्यात दुसरी अडचण असते ती पाण्याची. एप्रिल उजाडला की धरणांत किती साठा उरला याच्या बातम्या सुरू होतात. २०२४ मध्ये मुंबई महापालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू केली होती. अनेक सोसायट्यांना तर एरवीही टँकर मागवावा लागतो. अशा वेळी पिण्याचं पाणी कुंड्यांना घालावं का, हा प्रश्न मनात येतोच.

पण नीट हिशोब केला तर लक्षात येतं की, बाल्कनीतल्या बागेला वेगळं पाणी लागतच नाही. घरात एकदा वापरून झालेल्या पाण्यावर ती जगू शकते. त्यासाठी दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, उन्हाळ्यात कुंडीत नेमकं काय होतं? आणि दुसरी, घरातलं कोणतं पाणी झाडाला चालतं आणि कोणतं नाही?

झाड मान टाकतं म्हणजे काय होतं?

झाड मुळांतून पाणी घेतं आणि पानांवरच्या अतिशय बारीक छिद्रांतून ते वाफ करून बाहेर सोडतं. या वाफेमुळे पान थंड राहतं. आपल्याला घाम येतो तसाच हा प्रकार.

दुपारी ऊन चढलं की पानांतून पाणी इतक्या वेगाने जातं की मुळांना तेवढा पुरवठा करता येत नाही. मग पानं लोंबतात. छिद्रंही बंद होऊ लागतात, म्हणजे झाड स्वतःच खर्च कमी करतं.

त्यामुळे दुपारी दोन वाजता मान टाकलेलं जास्वंद किंवा भोपळ्याचा वेल तहानलेलाच असेल असं नाही. कुंडीत ओलावा असेल तर ऊन उतरल्यावर तो आपोआप ताठ होतो. संध्याकाळीही पानं तशीच लोंबलेली असतील किंवा सकाळी उठल्यावरही झाड मलूल दिसलं, तर मात्र काळजी घ्यायची.

गडबड इथेच होते. दुपारी झाड मलूल दिसलं म्हणून आपण पाणी घालतो, संध्याकाळी पुन्हा घालतो, सकाळी परत. माती सतत चिकट ओली राहते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं पुन्हा लोंबतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण अजून घालतो.

जास्त पाण्याने मरणारं झाड आणि कमी पाण्याने मरणारं झाड वरून जवळपास सारखंच दिसतं. फरक कळतो तो मातीत. बोट दोन पेरं आत घालून बघायचं. आत ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर भरपूर पाणी. भरपूर म्हणजे कुंडीच्या तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज वरून एकेक पेला शिंपडला तर फक्त वरचा थर भिजतो. मुळंही मग वरच राहतात, आणि उन्हात तोच थर सगळ्यात आधी तापतो.

कोकोपीट घातलेल्या कुंडीची आणखी एक गंमत आहे. ते पूर्ण सुकलं की पाणी पटकन शोषत नाही. आपण तांब्या ओततो, पाणी कडेने सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. अशी कुंडी उचलून पाहिली तर हलकी लागते. ती पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बसवून ठेवायची. अर्ध्या तासात काम होतं.

ऊन पानांना लागतं, भाजतात मुळं

जमिनीतल्या झाडाची मुळं खोल आणि थंड मातीत असतात. कुंडीतल्या झाडाला ही सोय नाही. कुंडीला चारही बाजूंनी ऊन लागतं, खालून गच्चीची लादी तापलेली असते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा. हाताला जो चटका बसतो, तोच आतल्या मुळांना बसत असतो.

मातीची कुंडी इथे वेगळी वागते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने ती थंड राहते. तिच्या भिंतीतून ओलावा झिरपतो, त्याची वाफ होते आणि उष्णता निघून जाते. पण याची किंमत म्हणजे ती लवकर कोरडी पडते. प्लास्टिकची कुंडी पाणी धरून ठेवते, पण तापते. यातली एक चांगली आणि दुसरी वाईट असं नाही. मातीच्या कुंडीला पाणी थोडं जास्त वेळा लागतं आणि प्लास्टिकच्या कुंडीला सावली लागते.

त्यासाठी खर्च फारसा नाही. कुंडी थेट लादीवर न ठेवता दोन विटांवर ठेवायची, म्हणजे खालून हवा खेळते. सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवायच्या. बाहेरच्या रांगेत मोठ्या, आत छोट्या. प्लास्टिकच्या कुंडीभोवती जुनं गोणपाट गुंडाळलं तरी फरक पडतो. गच्चीवर असाल तर पन्नास टक्के सावली देणारी हिरवी नेट बांधता येते. नेट झाडांपासून दोन-तीन फूट वर हवी, झाडांवर टेकलेली नको.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे माती झाकणं. उघडी माती उन्हात भराभर सुकते. तिच्यावर वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर दिला की ओल जास्त दिवस टिकते आणि मातीही कमी तापते.

ही पानं शहरात फुकट मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावरच्या झाडांची पानगळ होते आणि सोसायट्यांमध्ये रोज पोतीच्या पोती भरली जातात. बऱ्याच ठिकाणी ती पेटवलीही जातात. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा नागरिकांचा उपक्रम याच पानांसाठी काम करतो. ज्यांच्याकडे पानं जास्त झाली आहेत आणि ज्यांना बागेसाठी ती हवी आहेत, अशा लोकांना तो एकमेकांशी जोडून देतो.

दुसरी वस्तू रसवंतीवर मिळते. उन्हाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर उसाच्या रसाच्या गाड्या लागतात आणि त्यांच्याकडे चिपाडाचा ढीग साचतो. मुंबईत गच्चीवरच्या शेतीचे प्रयोग करणाऱ्या डॉ. आर. टी. दोशी यांनी हेच चिपाड वापरून आणि माती कमीत कमी ठेवून भाजीपाला पिकवला होता. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. शहरातच निघणारा कचरा शहरातल्या झाडांना घालायचा, हा यामागचा साधा विचार.

चिपाड वापरताना एकच काळजी घ्यायची. ताज्या चिपाडात साखर असते, त्यामुळे मुंग्या येतात. ते आधी पाण्यातून काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचं आणि मग पसरायचं.

मुंबईचा उन्हाळा वेगळा, नागपूरचा वेगळा

इंटरनेटवर 'उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्या' असा सल्ला सर्रास मिळतो. पण पाणी किती लागेल हे शहरावर अवलंबून आहे.

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत हवा दमट असते. पाणी सावकाश सुकतं, पण ओल्या पानांवर बुरशी लवकर धरते. इथे पाणी मुळाशी द्यायचं आणि पानं शक्यतो कोरडी ठेवायची. मुंबईत मार्च महिन्यात अधूनमधून अचानक पारा चढतो. जमिनीकडून येणारे कोरडे वारे जोरात असले की समुद्राकडून येणारा गार वारा उशिरा सुरू होतो आणि शहर तापतं. सांताक्रूझला मार्चमधलं विक्रमी तापमान ४१.७ अंश सेल्सिअस होतं, २८ मार्च १९५६ ला. असे दिवस झाडांसाठी मे महिन्यापेक्षाही वाईट, कारण ती अजून उन्हाला सरावलेली नसतात.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे दुपार कोरडी, पण रात्री त्या मानाने गार. झाडांना रात्री सावरायला वेळ मिळतो. इथे सकाळी एकदाच पण पोटभर पाणी बहुतेक झाडांना पुरतं.

विदर्भात मात्र ऊन आणि कोरडी हवा दोन्ही टोकाला जातात. तिथे नेट आणि मातीवरचं पांघरूण याशिवाय गच्चीवरची बाग टिकवणं अवघड. लहान कुंड्यांना संध्याकाळीही पाणी लागू शकतं.

पाणी आणायचं कुठून? आधी हिशोब बघू

दहा इंची कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी पुरतं. वीस कुंड्या असतील तर १० ते २० लिटर. म्हणजे आंघोळीची एक बादली.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी प्रमाण आहे. चार जणांच्या घराला ५४० लिटर. त्यातले २० लिटर म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. आणि तेवढं पाणी तर स्वयंपाकघरातच वाया जातं.

तांदूळ-डाळ आणि भाज्या धुतलेलं पाणी : हे बिनधास्त वापरा. सिंकखाली एक टोप ठेवला की दिवसाला पाच-सहा लिटर सहज जमतात. फक्त ते त्याच दिवशी वापरायचं. उन्हाळ्यात तांदळाचं पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं आणि वास मारतं. भाजी किंवा अंडी उकडलेलं पाणीही चालतं, पण मीठ घातलेलं नको आणि पूर्ण गार झालेलं हवं.

कुरडयांचं पाणी : गहू तीन दिवस भिजवून काढलेलं पाणी आंबलेलं असतं. ते थेट कुंडीत ओतू नका. भरपूर साधं पाणी मिसळून द्या किंवा कंपोस्टच्या डब्यात घाला.

आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी : यावरून बराच गोंधळ आहे. कोणी म्हणतं हे झाडांसाठी विष, कोणी म्हणतं उत्तम. उत्तर तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं त्यावर आहे.

घरगुती फिल्टर एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर पाणी बाहेर टाकतो असं धरू. चार लिटर पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार मग उरलेल्या तीन लिटरमध्ये येतात. म्हणजे क्षारांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने वाढतं. धरणाचं पाणी मुळात कमी क्षारांचं असतं. त्याचा टीडीएस १०० असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा होईल १३० च्या आसपास. झाडाला काही फरक पडत नाही. पण बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याचा टीडीएस १००० असेल तर तो १३०० वर जातो. असं पाणी रोज घातलं तर कुंडीत क्षार साचत जातात. पाणी वाचवणारे नवे फिल्टर पाणी कमी टाकतात, त्यामुळे त्यांच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात.

टीडीएस मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. सोसायटीत एकाने घेतलं तरी सगळ्यांचं काम होतं. आकडा ५०० च्या आत असेल तर पाणी खुशाल वापरा. त्याहून जास्त असेल तर साध्या पाण्यात मिसळून आणि अधूनमधूनच. हजाराच्या पुढे गेला तर ते लादी पुसायला ठेवा. जाता जाता, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओ वापरण्यावर बंदी घालावी, असे आदेश दिले होते. त्यामुळे नळाला धरणाचं पाणी येत असेल तर आरओ लागतो का, हाही विचार करायला हरकत नाही.

एसीचं पाणी : हवेतली वाफ गार होऊन हे पाणी बनतं, त्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. झाडांना चालतं. मात्र एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुंडी ठेवू नका. तिथून येणारी गरम हवा झाडाला दिवसभर वाळवत राहते.

कूलरच्या टाकीतलं पाणी : एसीच्या बरोबर उलट. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार टाकीतच उरतात. आपण वरून नवीन पाणी ओततो, त्यातले क्षारही जमा होतात. टाकीच्या तळाशी उरलेलं जुनं पाणी म्हणूनच झाडांना नको.

भांडी आणि कपड्यांचं पाणी : साबणाचं पहिलं पाणी कुंडीत घालू नका. डिटर्जंटमधल्या सोडियममुळे माती घट्ट होते. खाण्याच्या भाज्यांना तर अजिबात नको. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी जमिनीतल्या मोठ्या झाडांना चालून जातं.

कुंडीच्या कडेवर पांढरी पूड दिसली किंवा पानांची टोकं तपकिरी होऊन वाळली, तर क्षार साचलेत असं समजायचं. अशा कुंडीत एकदा चांगलं पाणी भरपूर ओतून खालून वाहू द्यायचं. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांतही हे काम आपोआप होतं.

दुपारी पाणी घातलं तर झाड भाजतं?

पाणी द्यायची उत्तम वेळ सकाळी आठच्या आत. झाड दिवसाच्या उन्हाला तयार होतं आणि पाणीही कमी उडून जातं.

पानांवरचे थेंब भिंगासारखे काम करतात आणि पान जळतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये याची तपासणी केली. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांमुळे पान जळत नाही असं त्यांना दिसलं. लव असलेल्या पानांवर थेंब वर उचलला जातो, तिथे थोडी शक्यता असते.

मग दुपारी पाणी घातल्यावर झाडं खराब का होतात? एक कारण पाइपमध्ये आहे. उन्हात पडलेल्या पाइपातलं आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चांगलंच कढत असतं. तेच थेट मुळांवर पडतं. त्यामुळे आजीचा सल्ला बरोबरच आहे, कारण तेवढं वेगळं. झाड अगदीच वाळलं असेल तर संध्याकाळची वाट बघू नका. सावलीत हलवा आणि माठातलं नाही, पण साध्या बादलीतलं पाणी द्या.

एप्रिल-मेमध्ये काय लावायचं, काय नाही?

नर्सरीत गेलं की सगळंच घ्यावंसं वाटतं, पण हा मोसम प्रत्येक झाडाचा नाही.

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी, तांबडा माठ या उन्हात जमणाऱ्या भाज्या. मोगऱ्याचा तर हा हक्काचा हंगाम. त्याला कडक ऊन लागतं. सावलीत ठेवून फुलं येत नाहीत म्हणून खत घालत बसण्यात अर्थ नाही. कढीपत्ता आणि गवती चहाही मजेत राहतात.

कोथिंबीर, मेथी, पालक मात्र उष्णतेत लवकर फुलोऱ्यावर येतात आणि पानं मिळतच नाहीत. लावायचीच असतील तर फक्त सकाळचं ऊन येईल अशा जागी, आणि थोडी थोडी. पुदिन्यालाही अर्धी सावली आणि सतत ओल हवी. टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात, ही तक्रार या दिवसांत खूप असते. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत. खत कमी पडलेलं नसतं. झाड जगवत ठेवायचं, हवा गार झाली की फळ धरतं.

नवं झाड आणलं की लगेच कुंडी बदलू नका, मुळं हलवायला हा काळ चांगला नाही. रासायनिक खतही हात राखून. तहानलेल्या मुळांना खत त्रासच देतं.

आंब्याच्या साली, कलिंगडाची फोडं थेट कुंडीत पुरायचा मोह आवरा. उष्णतेत त्या सडतात आणि चिलटं होतात. एक थर ओला कचरा, एक थर वाळलेली पानं असं डब्यात भरत गेलं तर पावसाळ्यापर्यंत चांगलं खत तयार होतं.

कोरड्या हवेत मिलीबग आणि लाल कोळी ही कीड वाढते. पानाखाली कापसासारखे पांढरे पुंजके किंवा बारीक जाळी दिसते. आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारायचा. त्याने भागलं नाही तर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी, तीही ऊन उतरल्यावर. गच्चीवर कोणाचे पापड वाळत असतील तर त्या दिवशी फवारणी नकोच, नाहीतर झाडांपेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.

ताटलीतलं पाणी आणि कठड्यावरची कुंडी

बागेमुळे शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, यासाठी तीन गोष्टी आवर्जून पाहायला हव्यात.

पहिली म्हणजे डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि कुंडीखालची ताटली त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात तो यासाठीच. अंडी कोरड्या ताटलीलाही चिकटून महिनोन् महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, ताटली घासायला हवी.

दुसरी म्हणजे वजन. लोक जाऊ शकतात अशा सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरलेला असतो. एक फूट जाडीची ओली माती तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या आसपास भरते. म्हणून गच्चीवर वाफे बांधण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारायला हवं. जुन्या इमारतीत तर नक्कीच. कुंड्या मधोमध गोळा करण्यापेक्षा खालच्या तुळया-खांबांच्या रेषेत, कडेने ठेवलेल्या बऱ्या.

तिसरी म्हणजे वारा. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो तो सोसाट्याच्या वाऱ्यासह, आणि तयारीला वेळ देत नाही. चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून पडलेली पाच किलोची कुंडी खाली चालणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकते. कठड्यावर आणि खिडकीच्या छज्जावर सुट्या कुंड्या ठेवूच नका. ग्रिलला अडकवलेल्या कुंड्याही तारेने बांधा.

गावाला जाताना झाडांचं काय?

मे महिन्यात घरोघरी येणारी ही अडचण. दहा दिवस कोकणात राहून परत यावं, तर बाल्कनीत नुसत्या काड्या.

जायच्या आठ दिवस आधी तयारी सुरू करायची. सगळ्या कुंड्या उन्हातून काढून सावलीत, एकत्र ठेवायच्या. घरात उत्तरेची बाल्कनी असेल तर उत्तम. मातीवर पानांचा जाड थर द्यायचा. फुलं, कळ्या आणि जादा फांद्या काढल्या तर झाडाचा पाण्याचा खर्च कमी होतो. निघायच्या सकाळी कुंडी खालपर्यंत भिजवायची.

पुढची सोय वातीची. जाड सुती दोरीचं एक टोक पाण्याच्या बादलीत तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत तीन-चार इंच खोल खोचायचं. देवापुढच्या समईत वात जसं तेल ओढते, तशी ही दोरी पाणी ओढते. दोरी सुती असलेली बरी. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवायची आणि फडक्याने बांधून झाकायची, म्हणजे डास होत नाहीत. हा प्रयोग आधी दोन दिवस घरी असतानाच करून बघा. किती पाणी उतरतं ते कळतं.

मोठ्या कुंडीसाठी आणखी जुना उपाय आहे. बिनरंगाचं छोटं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी पाझरतं, ओली असली की कमी पाझरतं. मडक्यांच्या या सिंचनाचं वर्णन दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही आहे.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे शेजार. 'तुम्ही गावाला जाल तेव्हा तुमची झाडं आम्ही बघू' असं शेजारच्या काकूंशी आधीच ठरवून टाका. फक्त त्यांना नुसती चावी देऊ नका. रोज पाणी हवं त्या कुंड्यांवर खडूने एक खूण, तीन दिवसांनी हवं त्यांच्यावर दुसरी. मायेने रोज बादलीभर पाणी घालून कोरफड कुजवणारे शेजारी कमी नसतात.

परत आल्यावर झाड वाळलेलं दिसलं तर लगेच उपटू नका. खोडाची साल नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. सावलीत ठेवा, बोटाने ओल तपासत पाणी द्या आणि थांबा. कढीपत्ता, मोगरा, जास्वंद अशी झाडं वरून पूर्ण वाळूनही पुन्हा फुटतात.

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीपासून झाडांना सांभाळायचे दिवस साधारण सत्तर. तेवढ्या दिवसांसाठी आज एकच गोष्ट करून बघा. सिंकमध्ये एक टोप ठेवा आणि रात्री त्यात किती पाणी जमलं ते मोजा. तुमच्या बाल्कनीत किती कुंड्या जगू शकतात, ते त्या आकड्यावरून कळेल.